कार सीट टेक्निशियनचा कोर्स लावलाय (न्यू जर्सी), आधी काय तयारी करू?

एडिसनची_मुक्ता
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात चाइल्ड पॅसेंजर सेफ्टी टेक्निशियनचा, म्हणजे लहान मुलांच्या कार सीट नीट बसवल्यात का ते तपासून शिकवणाऱ्याचा, कोर्स करतेय. सेफ किड्स संस्थेचं सर्टिफिकेट मिळतं तोच. चार दिवस आहे, बुधवार ते शनिवार, आमच्या जवळच्या एका फायरहाऊसमध्ये, आणि शेवटच्या दिवशी खरे आईबाप खऱ्या गाड्या घेऊन येणार आणि त्यांच्या सीट आपण तपासायच्या असं मेलमध्ये लिहिलंय. ते वाचल्यापासून पोटात गोळा आलाय.

हे कुठून डोक्यात आलं ते सांगते. लेक झाली तेव्हा आई साताऱ्याहून आली होती, जानेवारीचे दिवस, बाहेर बर्फ. आई बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायची, वरून जाड जॅकेट, डोक्याखाली तिने स्वतः शिवून आणलेली राईची उशी, आणि मग त्या सगळ्यावरून आम्ही हार्नेस (बाळाला सीटमध्ये बांधायचे पट्टे) लावायचो. दोन महिने असंच चाललं. मग एकदा सीट चेकला गेलो तर तिथल्या बाईंनी जॅकेट काढून हार्नेस परत लावला आणि मला म्हणाल्या खांद्यावर पट्टा चिमटीत धरून बघ. माझ्या चिमटीत पट्ट्याची अख्खी घडी आली, म्हणजे हार्नेस तेवढा सैल होता. शिवाय सीट आम्ही खालचे अँकर (गाडीच्या सीटच्या फटीतल्या कड्या) आणि सीटबेल्ट दोन्ही लावून बसवली होती, डबल पक्की होईल म्हणून, आणि ते आमच्या सीटच्या मॅन्युअलमध्ये चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं. मी त्या दिवशी पार्किंगमध्ये रडले. त्या बाई एका शब्दाने ओरडल्या नाहीत, सगळं माझ्याच हातून परत करून घेतलं. तेव्हापासून मनात आहे की आपल्या लोकांसाठी, मराठीत बोलून हे करणारं कुणीतरी पाहिजे.

आता प्रश्न. आधी काय वाचू? गाड्यांमधलं मला काही कळत नाही, आमची एकच सेडान आहे. परीक्षा अवघड असते का? आणि मागच्या वर्षीपासून कंबर दुखते, झेपेल का?

शिकागो_सुजाता
मुक्ता, आधी अभिनंदन गं. मी टेक्निशियन होऊन सहा वर्षं झाली, तीनदा रिन्यू केलंय. गाड्यांमधलं कळत नाही याची अजिबात काळजी करू नकोस, आमच्या बॅचला पोलीस, फायरफायटर, नर्सेस आणि एक शाळेच्या बसची ड्रायव्हर होती आणि पहिल्या दिवशी सगळे सारखेच गोंधळलेले होते.

तयारी म्हणशील तर एकच कर, तुझ्या स्वतःच्या सीटचं मॅन्युअल आणि गाडीच्या मॅन्युअलमधलं चाइल्ड रिस्ट्रेंटचं प्रकरण, दोन्ही समोरासमोर ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. नुसतं चाळू नकोस, वाच. या कोर्सचा अर्धा जीव त्यातच आहे, दोन्ही मॅन्युअल काय म्हणतात ते शोधता येणं. मग रविवारी दुपारी सपाट जागेवर गाडी लाव (उतारावर नको, सीट किती मागे कललीय ते दाखवणारी रेघ चुकीची दिसते) आणि सीट एकदा अँकरने बसव, काढ, एकदा सीटबेल्टने बसव, काढ. बेल्टने बसवताना पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, मग आत सोडताना कट कट कट असा आवाज येतो, तो आला की रिट्रॅक्टर, म्हणजे पट्टा आत गुंडाळणारी यंत्रणा, लॉक मोडमध्ये गेला समज. काही गाड्यांत लॉक रिट्रॅक्टरमध्ये नसून बकलमध्ये जाणाऱ्या पत्र्यात असतं, ते कोर्समध्ये दाखवतीलच. १९९६ मॉडेलपासूनच्या गाड्यांत पट्टा कुठल्यातरी प्रकारे लॉक व्हावाच लागतो.

कंबरेचं सांगते. जोर लावायचा नसतोच फारसा. नवीन लोक सीटच्या वरच्या टोकाला धरून हलवतात आणि सैल सैल म्हणून ओढत बसतात. हलवून बघायचं ते जिथून पट्टा ओवतो त्या ठिकाणी, आणि तेही आपल्या कमी ताकदीच्या हाताने. तिथे एक इंचाहून कमी हलली की झालं. रिअर फेसिंग, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागे करून लावलेल्या, सीटचं डोकं थोडं हलतंच. पट्टा सीटच्या आतून, पट्टा जातो त्याच दिशेने ओढलास आणि दुसरा हात सीटच्या बुडावर दाबून ठेवलास की तुझ्यासारख्या बारक्या बाईचीही सीट दगडासारखी बसते. मात्र दिवसभर वाकून, गुडघ्यावर बसून, मागच्या सीटवर चढून उतरून काम असतं, तेव्हा सैल पँट, बंद बूट, पाण्याची बाटली, आणि गुडघ्याखाली घ्यायला बागकामाचा फोम मिळतो तो घेऊन जा. बांगड्या अंगठ्या घरी ठेव, अँकर शोधताना सीटच्या फटीत हात घालायचा असतो, सोलवटतो.

डॅलसचा_नितीन
मी पेडियाट्रिक वॉर्डात नर्स आहे, कामावरून पाठवलं म्हणून केला होता कोर्स. सुजाताताईंचं सगळं बरोबर, पण एक वेगळं सांगतो. परीक्षा ओपन बुक असते म्हणून लोक निवांत असतात आणि तिथेच फसतात, कारण पुस्तकात कुठे काय आहे हे माहीत नसेल तर पानं उलटण्यातच वेळ जातो. रोज संध्याकाळी घरी जाऊन त्या दिवसाची प्रकरणं परत बघा आणि पानांना रंगीत चिठ्ठ्या लावा, टेदर (सीटच्या वरच्या टोकाचा, गाडीच्या हुकाला अडकवायचा पट्टा) एका रंगाच्या, बूस्टर (मोठ्या मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा लावायची सीट) दुसऱ्या. स्किल टेस्ट वेगळ्या असतात, त्यात हाताने करून दाखवावं लागतं आणि का केलं ते बोलून सांगावं लागतं. मला पट्टे लावायला काही वाटलं नाही पण बोलताना ततपप झालं.

काही गोष्टी आधीच डोक्यात बसवून गेलात तर पहिला दिवस हलका जाईल. रिअर फेसिंगला खांद्याचे पट्टे खांद्याच्या लेव्हलला किंवा खाली, फॉरवर्डला लेव्हलला किंवा वर. चेस्ट क्लिप, म्हणजे छातीवर दोन पट्टे जोडणारी, काखेच्या लेव्हलला. फॉरवर्डला टेदर, जो लोक सर्रास विसरतात. खालच्या अँकरना वजनाची मर्यादा असते, मूल अधिक सीट मिळून साधारण ६५ पौंड, त्यापुढे सीटबेल्ट, पण नेमका आकडा सीटच्या लेबलवर बघायचा. मधल्या जागेवर सीट लावायची म्हणून दोन्ही बाजूंचे आतले अँकर उसने घ्यायचे नाहीत, दोन्ही मॅन्युअल हो म्हणत असतील तरच. आणि तुमच्या राज्याचा कायदा. न्यू जर्सीत २०१५ च्या कायद्याप्रमाणे २ वर्षं आणि ३० पौंडांपर्यंत रिअर फेसिंग, मग ४ वर्षं आणि ४० पौंडांपर्यंत हार्नेस, मग ८ वर्षं किंवा ५७ इंचांपर्यंत बूस्टर. हे कमीत कमी झालं बरं का. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१८ पासून सांगतेय की सीटची मर्यादा संपेपर्यंत मूल उलटंच बसवा, दोन वर्षांचा वाढदिवस झाला म्हणून वळवू नका.

एडिसनची_मुक्ता
खूप आभार दोघांचे, सगळं वहीत उतरवून घेतलं. आता मनातला खरा प्रश्न विचारते. सीटचं शिकेन, पण घरातल्या मोठ्या माणसांशी कसं बोलायचं? आई म्हणते आम्ही तुम्हाला मांडीवर घेऊन साताऱ्याहून मुंबईला एसटीने आलो, काय झालं? तिचं प्रेमच आहे त्यात, ते तोडून कसं बोलू.

शिकागो_सुजाता
अगं हाच तर प्रश्न आहे. कोर्समध्ये तुला शिकवतील, टेक्निशियनने स्वतः सीट बसवून द्यायची नाही. आधी समजून घे, मग स्वतः करून बघ, आणि मग समोरच्याला समजावत त्याच्याच हातून करून घे. आपण गेल्यावर त्यालाच उद्या सीट काढून दुसऱ्या गाडीत लावायची असते. आजीलाही तेच लागू. तिला नाही म्हणू नकोस, तिच्या हातात हार्नेस दे.

मांडीचं म्हणशील तर वर्गात एक साधा हिशोब सांगतात, बाळाचं वजन पौंडात गुणिले गाडीचा ताशी मैलातला वेग. १० पौंडाचं बाळ, ३० मैल वेग, म्हणजे धडकेच्या क्षणी धरून ठेवायला साधारण ३०० पौंडांचा जोर लागतो, आपल्या भाषेत १३५ किलोच्या वर. मी माझ्या सासूबाईंना एवढंच विचारलं, आई, तांदळाची पंचवीस किलोची गोणी एका झटक्यात हातात झेलाल का? इथे तशा पाचहून जास्त आहेत. त्या गप्प झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसायच्या आधी त्याच मला विचारायच्या, क्लिप काखेशी आली का गं.

आणि दुपटं काढून टाकू नकोस. आधी पातळ कपड्यात बाळाला बसव, हार्नेस आवळ, चिमटीत पट्टा येत नाही ना बघ, मग वरून आजीचं दुपटं पांघर. कानटोपीही चालते, पातळ असली तर. राईची उशी मात्र घरी पाळण्यात. सीटसोबत जे आलं नाही ते सीटमध्ये जात नाही, मग ती उशी असो की दुकानातले खांद्याचे मऊ कव्हर.

कोथरूडकर_अमेय
इथे पुण्यातून लिहितोय, थोडं अवांतर आहे पण उपयोगी पडेल. अमेरिकेतून भाऊ येताना त्याची सीट घेऊन आला आणि आमच्या गाडीत काही केल्या घट्ट बसेना. नंतर कळलं की इकडच्या बऱ्याच गाड्यांचा मागचा पट्टा झटका बसला तरच लॉक होतो, तिकडच्यासारखा पूर्ण ओढून लॉक होत नाही, त्यामुळे लॉकिंग क्लिप (पट्टा सैल होऊ न देणारी धातूची क्लिप) लागते किंवा सीटवरच लॉक असावं लागतं. आणि उलटंही सांगून ठेवा लोकांना, इथून नेलेली सीट तिकडे चालत नाही, तिकडच्या २१३ नंबरच्या मानकाचं लेबल लागतं. इथे २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ब आलंय, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर १००० रुपये दंड, पण रस्त्यावर अजून पुढच्या सीटवर वडिलांच्या मांडीवर बाळं दिसतात आणि समोर एअरबॅग. बघून जीव वरखाली होतो.

नाशिकची_मालती
मुलीनो, मी कधी लिहित नाही, वाचते फक्त. मे महिन्यात सिॲटलला लेकीच्या बाळंतपणाला चालले आहे. राईची उशी शिवून तयार आहे, पिवळ्या मलमलीची. गाडीत नाही न्यायची हे आजच कळलं, बरं झालं. तो हार्नेस मला बाळ यायच्या आधीच शिकून घ्यायचा आहे, लेक झोपलेली असेल तेव्हा मलाच लावावा लागेल. वय ६६ आहे, बोटं सकाळी जरा आखडतात. ते लाल बटण फार कडक असतं म्हणतात, खरं का?

एडिसनची_मुक्ता
मालतीकाकू, बटण कडक असतं, ते मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे लहान मुलांनी उघडू नये. दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबा, माझी आई तसंच करते. लेकीला सांगा आत्तापासूनच सीट घरात आणून ठेव, आल्यावर एखाद्या बाहुलीला रोज एकदा बसवून उठवून बघा, आम्हीही वर्गात बाहुल्यांवरच शिकणार आहोत. आणि सातवा आठवा महिना लागला की तिथल्या सीट चेकला दोघी मिळून जा, तुम्ही पण जा, तुमच्याच हातून करून घ्यायला सांगा.

माझा कोर्स १४ तारखेला सुरू होतोय. फोम आणलाय, मॅन्युअल वाचायला घेतलंय, आणि पान ३८ वरच कळलं की आमच्या टेदरचा हुक मागच्या काचेखालच्या झाकणाच्या आत आहे. तीन वर्षं गाडी वापरतोय, ते झाकण आज पहिल्यांदा उघडलं.