मदत हवी आहे: लिबियाच्या २०११च्या बंडखोर सरकारात शेवटचा शब्द कोणाचा होता?

नमस्कार मंडळी,

एम.ए. राज्यशास्त्राच्या वर्गाला यादवीतली हंगामी सरकारं शिकवते आहे. उदाहरणाला लिबियाची राष्ट्रीय संक्रमण परिषद घेतली, म्हणजे हुकूमशहा गद्दाफीविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचं हंगामी सरकार. तारखा, ठराव जुळवून झाले. पण पूर्व लिबियातल्या बेनगाझी शहरात बसलेल्या त्या परिषदेत खरा अधिकार कोणाकडे होता, हे मुलांना नीट सांगता येत नाहीये.

कागदावर सगळं सरळ दिसतं. २७ फेब्रुवारी २०११ला स्थापना, ५ मार्चला पहिली बैठक आणि ‘लिबियाचे एकमेव प्रतिनिधी आम्हीच’ अशी घोषणा, १० मार्चला फ्रान्सची मान्यता. अध्यक्ष मुस्तफा अब्दुल जलील हे आधी गद्दाफीचेच न्यायमंत्री. आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडले. २३ मार्चपासून कार्यकारी मंडळ महमूद जिब्रील यांच्याकडे. त्यांचा बराच काळ परदेशात, मान्यता आणि पैसा मिळवण्यात जाई, आणि बेनगाझीत त्यावरून नाराजीही होती.

घोळ आहे तो सैन्याचा. अब्दुल फताह युनिस १९६९च्या उठावापासून गद्दाफीसोबत, शेवटी त्यांचे गृहमंत्री. फेब्रुवारीत ते बंडखोरांना मिळाले आणि सेनापती झाले. तिकडे गद्दाफीचे जुने सेनाधिकारी खलिफा हफ्तार अमेरिकेतून परतले आणि त्याच पदावर हक्क सांगू लागले. मिस्राता आणि झिंतानचे लढवय्ये आपापल्या शहराच्या हुकमात. अशात जुलैच्या अखेरीस युनिस यांना ब्रेगाच्या आघाडीवरून चौकशीसाठी बोलावलं गेलं आणि दोन सहकाऱ्यांसह त्यांची हत्या झाली. २८ जुलैला ही बातमी स्वतः जलील यांनी जाहीर केली. ज्या परिषदेचे ते सेनापती, तिच्याच बाजूच्या बंदूकधाऱ्यांवर संशय! ८ ऑगस्टला सगळं कार्यकारी मंडळ बरखास्त झालं आणि नवं बनवायचं काम पुन्हा जिब्रील यांच्याकडेच आलं.

माझी अडचण इथेच आहे. ही बरखास्ती जलील यांच्या अधिकाराची खूण मानायची, की युनिस यांच्या ओबैदी जमातीचा संताप शमवण्यासाठी करावी लागलेली तडजोड? मला दुसरं जास्त पटतं, पण वर्गात सांगायला आधार हवा. अरबी वाचणारं कोणी असेल तर परिषदेच्या त्या दिवसांतल्या निवेदनांबद्दल सांगा.

आणखी एक. त्या वर्षी भारताने लिबियातून १५ हजारांहून अधिक माणसं जहाजांनी आणि विमानांनी परत आणली. त्यांतले, किंवा नंतर पुन्हा तिकडे कामाला गेलेले कोणी इथे असतील तर कृपया लिहा. नाक्यावर कोणाची चिठ्ठी चालायची? पगार कोणाच्या सहीने निघायचा? मुलांना हे ठरावांपेक्षा लवकर कळेल.

प्रतिसाद:

ताई, तुमचा अंदाज बरोबर वाटतो. युनिस प्रकरणात तेल आणि अर्थखातं सांभाळणारे अली तरहूनी यांनी मारेकरी ओबैदा इब्न जर्राह ब्रिगेड या बंडखोरांच्याच तुकडीचे असल्याचं उघडपणे सांगितलं होतं. नाव ठाऊक असूनही परिषदेला त्या तुकडीला हात लावणं जमलं नाही. तरहूनींच्या तेलखात्यामुळे परिषदेकडे थोडं बळ मात्र होतं: एप्रिलच्या सुरुवातीला तोब्रुकजवळून तेलाचं पहिलं जहाज निघालं, विक्री कतारमार्फत झाली.

वर्गात नोव्हेंबर २०११चं मंत्रिमंडळ जरूर दाखवा. ३१ ऑक्टोबरला अब्दुर्रहीम अल-कीब ५१पैकी २६ मतांनी पंतप्रधान म्हणून निवडले गेले. १९ नोव्हेंबरला झिंतानच्या लढवय्यांनी गद्दाफीचा मुलगा सैफ अल-इस्लाम याला पकडलं आणि तीन दिवसांनी जाहीर झालेल्या यादीत संरक्षण खातं झिंतानच्या ओसामा अल-जुवैली यांना मिळालं. गृहखातं मिस्राताच्या फौझी अब्देलाल यांना. बंदुका ज्या शहरांकडे, खातीही त्यांच्याकडेच गेली.