शब्दचर्चा: 'चोओनेन्तेन' आणि ओसाकाची टीव्ही केंद्रं

तळटीप

ओसाकाच्या माइनिचि होसो (एमबीएस) या टीव्ही कंपनीच्या इतिहासावर एक जपानी लेख मराठीत आणतोय. तीन शब्दांनी अडवलंय: मिम्पो, क्योकु आणि चोओनेन्तेन. पहिले दोन सोपे म्हणून आधी घेतले आणि तिथेच रुतलो.

मिम्पो हा 'मिन्कान होसो'चा संक्षेप. मिन्कान म्हणजे बिगरसरकारी, होसो म्हणजे प्रसारण. एनएचके, म्हणजे जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था, घरोघरी शुल्क आकारते, मिम्पोवाले जाहिरातींवर पोट भरतात. 'व्यावसायिक प्रसारण' लिहिलंय, पण कानाला रुचत नाही.

गवती_चहा

नकोच. मराठीत 'व्यावसायिक' म्हटलं की लगेच समोर 'प्रायोगिक' येऊन उभं राहतं, नाटकवाल्यांची कृपा. शिवाय एनएचकेची मंडळी हौशी आहेत की काय, असं वाटेल. 'खाजगी' लिहा आणि मोकळे व्हा. शुल्काचं एका ओळीत सांगा. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरलेली पिढी अजून आहे, त्यांना पटकन कळेल.

तळटीप

'खाजगी' घेतो. आता क्योकु. टीव्हीचं 'होसो-क्योकु', पोस्टाचं 'युबिन-क्योकु', औषधाच्या दुकानाचं 'याक्क्योकु', सगळीकडे तोच क्योकु. कचेरी म्हणावं तर औषधांची कचेरी होते. 'वाहिनी' कसं वाटतं?

कांदेपोहे

वाहिनी चालेल की. 'ओसाकाची प्रादेशिक वाहिनी'. छान वाटतंय.

गवती_चहा

पोहेराव, इथेच घोळ होतो. आपल्याकडे 'प्रादेशिक वाहिनी' म्हणजे भाषेची वाहिनी. मराठी वाहिनी मुंबईत दिसते तशी इंदूरला आणि बडोद्यालाही दिसते. जपानी टीव्हीची प्रादेशिकता जमिनीची आहे, परवान्यातच हद्द आखलेली. बऱ्याच कंपन्यांना एकेका प्रांतापुरता परवाना. ओसाकाच्या मोठ्या केंद्रांना ओसाका, क्योतो, ह्योगो, नारा, शिगा आणि वाकायामा असा सहा प्रांतांचा पट्टा. भाषा सगळीकडे जपानीच. म्हणून 'केंद्र'. आकाशवाणीचं पुणे केंद्र म्हणतो तसं.

तळटीप

'केंद्र' मला पटतं, पण त्यात एक काटा आहे. पुणे केंद्र म्हणताच वाचक गृहीत धरतो की वर दिल्ली आहे आणि पुणे ही तिची शाखा. एनएचकेच्या ओसाका केंद्राबाबत ते खरंच आहे. एमबीएसचं तसं नाही. ती ओसाकात जन्मलेली स्वतंत्र कंपनी आहे, तिचे भागधारक वेगळे, स्टुडिओ स्वतःचा. तोक्योतल्या एका कंपनीशी तिचा कार्यक्रमांच्या देवाणघेवाणीचा करार आहे, इतकंच. तोक्योच्या बाजूला 'की-क्योकु' म्हणतात, यातला 'की' इंग्रजीतून आलाय. ओसाकाच्या केंद्रांना 'जुन-की-क्योकु', म्हणजे त्याखालोखाल, कारण तीही देशभर दिसणारे कार्यक्रम तयार करतात.

तिसरा शब्द या करारांतूनच आलाय. 'चो' म्हणजे आतडं, 'नेन्तेन' म्हणजे पिळवटणं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा शब्द टीव्हीच्या इतिहासात शिरला तो असा.

१ सप्टेंबर १९५१ला जपानात खाजगी रेडिओ सुरू झाला. सकाळी साडेसहाला नागोयात चुबु निप्पोन होसो आणि दुपारी बाराला ओसाकात शिन निप्पोन होसो. ही दुसरी म्हणजेच पुढची एमबीएस, पाठीशी माइनिचि वृत्तपत्र. नोव्हेंबरात ओसाकातच आसाहि होसो (एबीसी) आली, तिच्यामागे आसाहि वृत्तपत्र. पक्के प्रतिस्पर्धी, पण टीव्हीचा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता. मग दोघांनी मिळून ओसाका टेलिव्हिजन काढलं. १ डिसेंबर १९५६ला ते सुरू झालं, पश्चिम जपानातलं पहिलं खाजगी टीव्ही केंद्र. टीव्हीवर त्याचा चॅनेल क्रमांक ६. तोक्योचे कार्यक्रम ते मुख्यतः आजच्या टीबीएस या तिथल्या खाजगी कंपनीकडून घेई.

पुढे शहरात आणखी परवाने मिळाल्यावर भागीदार वेगळे झाले. माइनिचिवाल्यांनी १ मार्च १९५९ला क्रमांक ४ वर स्वतःचं केंद्र उघडलं. जूनमध्ये ओसाका टेलिव्हिजन एबीसीत विलीन झालं आणि त्याबरोबर टीबीएसचं नातंही एबीसीच्या पदरात पडलं. एमबीएसने एनईटीशी सूत जमवलं. एनईटी तेव्हा शैक्षणिक केंद्र म्हणून परवाना घेतलेली, शिक्षण आणि संस्कृतीच्या कार्यक्रमांची सक्ती असलेली तोक्योची नवी कंपनी.

पुढे एनईटीत आसाहि वृत्तपत्राचं वजन वाढलं. टीबीएसशी माइनिचिचं नातं जुनंच होतं. म्हणजे तोक्योत माइनिचिच्या जवळची टीबीएस ओसाकात आसाहिच्या केंद्राशी बांधलेली, आणि आसाहिच्या जवळची एनईटी माइनिचिच्या केंद्राशी. वरचं डावं नळकांडं खालच्या उजव्याला जोडलेलं. हाच चोओनेन्तेन.

कांदेपोहे

आतड्याला पीळ! मराठीत आयता शब्द असताना अडलात कुठे? डॉक्टरही हेच म्हणतात, 'आतड्याला पीळ पडलाय'. आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण फुकट मिळते.

गवती_चहा

म्हण नको हो. तो पीळ ताठ्याचा, हा दुखण्याचा. आणि हा गेला, त्यामुळे म्हण उलटीच पडते.

तळटीप

गेला खरा. १९७०च्या दशकात वृत्तपत्रांनी तोक्योच्या टीव्ही कंपन्यांमधले आपापले शेअर अदलाबदल करून मालकी सरळ केली आणि मग ३१ मार्च १९७५ला ओसाकाच्या दोन्ही केंद्रांनी तोक्योतले जोडीदार बदलले. एमबीएस टीबीएसकडे, एबीसी एनईटीकडे. एनईटीचं नावही १९७७मध्ये टीव्ही आसाहि झालं. जपानीत या घटनेला 'चोओनेन्तेन-नो काइशो' म्हणतात. मी 'पीळ सुटला' लिहितोय.

प्रेक्षकाच्या घरात काय झालं ते पाहायचं तर 'कामेन रायडर' घ्या. मुखवटाधारी वीराची ती मालिका एमबीएस आणि तोएइ ही चित्रपट कंपनी यांची. त्यामुळे ओसाकात ती ४ वर होती, ४ वरच राहिली. तोक्योतल्या मुलांना मात्र ती एनईटीच्या १० वर सापडेना, टीबीएसच्या ६ वर गेलेली. तोक्योच्या कार्यक्रमांचं बरोब्बर उलट. टीबीएसचे शनिवार रात्रीचे लोकप्रिय कार्यक्रम तोक्योत जागचे हलले नाहीत, ओसाकात एबीसीच्या ६ वरून एमबीएसच्या ४ वर आले. एनईटीच्या हातून रायडर गेला, त्याची जागा भरायला ५ एप्रिल १९७५ला 'गोरेंजर' सुरू झाली. पाच रंगांच्या वेषातल्या वीरांची जी परंपरा पुढे जगभर गेली, तिची ही पहिली मालिका. एका करारातल्या उलथापालथीतून एवढं निघालं, हे मला त्या अख्ख्या लेखातलं सगळ्यात भारी वाटलं. लेखकाने मात्र ते दोन ओळींत उरकलंय.

गवती_चहा

मग दोन ओळींतच ठेवा, तुम्ही अनुवादक आहात! 'पीळ सुटला' उत्तम. पण पहिल्यांदा येईल तिथे 'आतड्याला पडलेला पीळ' पूर्ण लिहा. नुसत्या 'पीळ'वर वाचक दोरखंडाकडे जाईल किंवा मिशीकडे.

कांदेपोहे

एक शंका. त्याच पट्ट्यात कोबेचं सन टेलिव्हिजन आहे ना, १९६९चं? हान्शिन टायगर्सचा बेसबॉल सामना कितीही लांबला तरी शेवटच्या चेंडूपर्यंत दाखवणारं. ते तर तोक्योच्या कुठल्याच कंपनीच्या साखळीत, म्हणजे करारात, नाही. त्याला काय म्हणणार?

तळटीप

जपानीत 'दोकुरित्सु-क्योकु', शब्दशः 'स्वतंत्र केंद्र'. पण वर मी एमबीएसलाच स्वतंत्र कंपनी म्हणून बसलोय. ती कंपनी म्हणून स्वतंत्र, तरी साखळीत आहे. दोन्हीकडे 'स्वतंत्र' आलं की वाचकाची दिशाभूल होणार.

गवती_चहा

'अपक्ष' म्हणा. निवडणुकीतल्यासारखं. तोक्योच्या कुठल्याच पक्षाचं तिकीट नाही, त्यामुळे आठ वाजता अमुकच लावा असं सांगणारं कुणी नाही. म्हणून तर सामना शेवटपर्यंत दाखवता येतो. साखळीतल्या केंद्राला ठरल्या वेळी पुढच्या कार्यक्रमावर जावं लागतं.

तळटीप

'अपक्ष केंद्र'. घेतला. 'की-क्योकु'चं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. 'मुख्य केंद्र' म्हटलं की ओसाका पुन्हा शाखा होते.

कांदेपोहे

'की-केंद्र' ठेवा तसंच. जपान्यांनी इंग्रजीतला 'की' घेतला, तुम्ही जपानीतून घ्या.