नैरोबीत हाताशी एकच दिवस आहे : स्वतंत्र गाडी करून नॅशनल पार्क पाहावे का?

प्रश्न : मुक्ता, पुणे

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये कार्यालयीन कामासाठी मला नऊ दिवस नैरोबीला जायचे आहे आणि या खेपेस आईला बरोबर नेण्याचे ठरवले आहे. आईचे वय ६७ आहे. तिने तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, जिराफाच्या लांब मानेतही माणसाइतकेच सात मणके असतात हे दरवर्षी नव्या वर्गाला सांगितले, पण मोकळ्या रानात चरणारा जिराफ तिने अजून पाहिलेला नाही. माझे बाकीचे दिवस बैठकांत जाणार असून फक्त एक रविवार मोकळा आहे, आणि तो मला तिच्यासाठी नीट वापरायचा आहे.

चौकशी केल्यावर रानातले प्राणी पाहण्यासाठी चार पर्याय पुढे आले : पहाटे चारला निघून रात्री परत आणणारी मसाई माराची सहल, अंबोसेली, नाकुरू आणि शहराला लागूनच असलेले नैरोबी नॅशनल पार्क. शेवटच्या पर्यायात माणशी दराने इतरांबरोबर व्हॅनमध्ये जाता येते किंवा पूर्ण गाडी स्वतःपुरती घेता येते. दुसऱ्या प्रकाराला दुपटीहून अधिक खर्च येतो. शहरालगतचे हे उद्यान खरे रान आहे की मोठे प्राणिसंग्रहालय? स्वतंत्र गाडीने आरामापलीकडे काही साधते का? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीचे धक्के आणि स्वच्छतागृह यांचीही काळजी वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : अथीकाठ, नैरोबी

मुक्ताताई, मी बारा वर्षे इथे राहतो आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन या उद्यानात अनेकदा गेलो आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की एकाच दिवसासाठी मसाई मारा डोक्यातून काढून टाकावे. नारोकमार्गे जायला पाच ते सहा तास लागतात आणि यायला तेवढेच, म्हणजे दिवसातले दहा-बारा तास रस्त्यावर जाऊन प्रत्यक्ष रानात जेमतेम तीन तास मिळतात, तेही भर दुपारचे, जेव्हा सिंह झुडपाखाली आडवे पडलेले असतात. ऑगस्टमध्ये तिथे वाइल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप आलेले असतात म्हणून मोह होईल. पण कळपाने नदी ओलांडण्याचे दृश्य पाहायचे तर काठावर तासन्‌तास बसण्याची तयारी हवी आणि एका दिवसात ती सवड मिळत नाही. अंबोसेलीला एका बाजूने चार तास धरा. किलिमांजारोचा माथा बहुधा भल्या सकाळी किंवा सायंकाळी ढगांतून मोकळा होतो आणि एका दिवसासाठी जाणारा माणूस नेमका मधल्या वेळी तिथे पोहोचतो. नाकुरू सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे गेंडे चांगले दिसतात. मात्र तलावाचे पाणी गेल्या काही वर्षांत बरेच चढले असल्याने जुन्या छायाचित्रांतले रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे पाहण्याच्या आशेने जाऊ नये.

नैरोबी नॅशनल पार्क हे प्राणिसंग्रहालय नाही. १९४६ साली स्थापन झालेले केनियाचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर आहे. शहराच्या अंगाने तीन बाजूंना कुंपण आहे, पण दक्षिणेला केवळ म्बागाथी नदी आहे आणि ती ओलांडून प्राणी कितेंगेलाच्या मैदानांकडे आपल्या मनाने जातात-येतात. त्या मैदानांत आता भूखंड पडत आहेत, तारांची कुंपणे उभी राहत आहेत आणि ही वाट वर्षागणिक अरुंद होत आहे, याचे इथल्या आम्हा सर्वांना फार वाईट वाटते. २०१९ पासून उद्यानाच्या आरपार उंच खांबांवरून रेल्वेही धावते. सिंह, आफ्रिकी रानम्हशी, काळे आणि पांढरे गेंडे, झेब्रे, इलंड, शहामृग आणि मसाई जिराफ हे सर्व इथे आहेत. बिबट्याही आहे, पण तो दिसेलच असे धरून चालू नका. हत्ती मात्र नाहीत, कारण त्यांच्या कळपांना पुरेल एवढे हे क्षेत्रच नाही.

आता स्वतंत्र गाडीविषयी. स्वाहिलीत सफारी म्हणजे प्रवास. शब्द मूळ अरबी, आपल्या ‘सफर’ शब्दाचाच भाऊबंद. पण रानात प्रवासाइतकेच थांबण्याला महत्त्व आहे आणि सहा अनोळखी माणसांच्या व्हॅनमध्ये थांबणे कोणाच्याच हाती नसते. चालकांचे एकमेकांना फोन चालू असतात. कुठे सिंह दिसल्याची बातमी आली की गाडी समोरचा जिराफ सोडून तिकडे पळते, कारण बहुतेकांना तेच हवे असते. आपल्या आईंना जिराफ पाहायचा आहे. तो तासभर पाहायचा असेल तर गाडी तुमची हवी. माझ्या मते जादा पैसे त्या तासासाठी मोजायचे असतात, गादीसाठी नव्हे.

विषुववृत्ताजवळ असल्यामुळे इथे बाराही महिने साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि साडेसहाच्या सुमारास मावळते. प्रवेशद्वार सहाला उघडते तेव्हा तुम्ही तिथे असलेच पाहिजे. ऑगस्टमधील नैरोबी ढगाळ आणि गार असते, पहाटे पारा १२ अंशांपर्यंत उतरतो. आईंना स्वेटर, कानटोपी आणि गुडघ्यांवर घ्यायला शाल द्या.

उत्तर : काळी जमीन, यवतमाळ

मी दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात या उद्यानात गेलो होतो. आत शिरताच पहिली ओळख पटली ती जमिनीची. आपल्याकडची कापसाची काळी जमीन पावसात जशी चिखलते आणि उन्हात जशी हातभर भेगाळते, तशीच जमीन या मैदानांत आहे. पावसाच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, साधी व्हॅन तिच्यात चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतते. आमच्या पुढची रुतली होती आणि ती दोरखंडाने ओढून काढायला पाऊण तास गेला. ऑगस्ट कोरडा असतो, पण चिखलात पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. म्हणून चारही चाकांना जोर असलेली लँड क्रूझरच मागावी आणि आईंना मागच्या चाकांवरच्या आसनावर न बसवता मधल्या रांगेत खिडकीशी बसवावे. गुडघेदुखीत हा फरक संध्याकाळी फार जाणवतो.

पाहण्याची पद्धतही आपल्यापेक्षा वेगळी आहे. ताडोबात आपण चितळाची हाक आणि मातीवरचा पगमार्क यांवरून वाघाचा माग काढतो, कारण बांबूच्या आड दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. इथे गवताळ माळ दूरवर उघडा असतो, म्हणून दुर्बीण हवी आणि ती प्रत्येकाला वेगळी हवी. सकाळी गवत दवाने ओले असते तेव्हा सिंह गाडीरस्त्यावरून चालणे पसंत करतात, असे आमच्या चालकाने सांगितले आणि सव्वासातला दोन सिंहिणी खरोखरच रस्त्याच्या मधोमध चालत आल्या.

आणखी एक गोष्ट जीवशास्त्राच्या बाईंना अवश्य दाखवा. माळावर कमरेएवढी बुटकी काटेरी बाभूळ सर्वत्र आहे. तिच्या काट्यांच्या बुडाशी सुपारीएवढ्या पोकळ गाठी असतात आणि त्यांत मुंग्या राहतात. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की बारीक शीळ ऐकू येते. जिराफाने फांदीला तोंड लावले की मुंग्या त्याच्या जिभेवर धावून जातात, म्हणून तो एका झुडपाशी फार वेळ न थांबता पुढे सरकतो. चालकाला इंजिन बंद करायला सांगितले तरच हे सर्व दिसते आणि ऐकू येते.

उत्तर : सुनंदा, ठाणे

दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. मी आमच्या वाट्याला आलेला अनुभव सांगते, जेणेकरून तुमची तशी फसगत होऊ नये. आम्ही एका सहल कंपनीकडे ‘प्रायव्हेट’ सफारीचे पूर्ण पैसे भरले होते. पहाटे गाडी आली ती दुसऱ्या हॉटेलकडे वळली आणि तिथून आणखी तिघे जण चढले. विचारल्यावर उत्तर मिळाले की प्रायव्हेट म्हणजे मोठ्या बसऐवजी छोटी गाडी. वर उघडणारे छप्परही गंजून अडकले होते, त्यामुळे उभे राहून पाहता आले नाही. माझ्या सासऱ्यांचा तो एकमेव परदेश प्रवास होता आणि ती सकाळ वाया गेल्याचे दुःख मला आजही आहे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे : गाडीत आपल्याखेरीज कोणी नसेल, गाडी कोणत्या बनावटीची आहे, छप्पर उघडते का, किती तास मिळतील आणि उद्यानाचे प्रवेशशुल्क धरले आहे की वेगळे आहे. शुल्क परदेशी पाहुण्यांना स्थानिकांपेक्षा बरेच जास्त असते, ते बदलतही असते आणि प्रवेशद्वारावर रोख रक्कम घेत नाहीत. त्यामुळे आदल्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहून तिथेच कार्डाने भरावे. चालक-मार्गदर्शकाला त्यांच्या व्यावसायिक संघटनेचा परीक्षा घेऊन दिलेला ब्राँझ किंवा सिल्व्हर दर्जा आहे का, हेही विचारावे. ही परीक्षा दिलेला माणूस प्राण्याचे नाव सांगून थांबत नाही, त्याचे वागणेही समजावून सांगतो.

केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही नेता येत नाहीत. स्टीलची बाटली न्यावी, डबा कापडात बांधावा. शाकाहारी जेवणाची चिंता नको, नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आणि मोठी असल्याने थेपले सहज मिळतात. मात्र डबा ठरवून दिलेल्या सहलीच्या जागीच उघडावा, कारण गाडीबाहेर उतरण्याची परवानगी तिथेच असते. तिथली माकडे हातातले घेऊन जातात. स्वच्छतागृह मुख्य प्रवेशद्वारापाशी आहे, तिथे आईंना आधी जाऊ द्यावे.

उत्तर : एक डॉक्टर, नाशिक

एका मुद्द्याचा उल्लेख अजून झालेला नाही. केनियातून भारतात परतणाऱ्यांकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र असावे लागते; ते नसल्यास विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवले जाऊ शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. साठ वर्षांवरील व्यक्तींना या लसीचा गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो, म्हणून आईंच्या बाबतीत तिकीट काढण्यापूर्वीच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी आणि लसीकरण केंद्राशी बोलून निर्णय घ्यावा. मलेरियाचा धोका उंचावरील नैरोबीत किनाऱ्याच्या मानाने कमी असला, तरी त्याविषयीही त्याच भेटीत विचारावे.

मुक्ता, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलणे झाले आहे. उद्यानात हत्ती नाहीत असे कळल्यावर आईने हत्तींच्या पिल्लांच्या अनाथालयाविषयी विचारले आहे. उद्यान आणि ते, दोन्ही एका दिवसात होईल का?

अथीकाठ, नैरोबी

होईल, पण क्रम महत्त्वाचा आहे. डेव्हिड शेल्ड्रिक हे केनियातल्याच त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन होते. त्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी डॅफ्नी यांनी १९७७ मध्ये हे अनाथालय चालवणारी संस्था सुरू केली. आई मेलेल्या पिल्लांना गाईचे दूध मानवत नाही. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर डॅफ्नी यांनी खोबरेल तेल घातलेले दूध तयार केले आणि त्यावर पिल्ले जगू लागली. मोठी झाल्यावर त्यांना त्सावोच्या रानात सोडतात. लोकांसाठी सकाळी ११ ते १२ ही एकच वेळ असते आणि नोंदणी आधी करावी लागते. तेव्हा सहा ते दहा उद्यान, मग तिथून निघून अनाथालय, असे ठेवा. बाहेर पडून पुन्हा उद्यानात येण्याचा घाट घालू नका. तिथे दोरीमागे तासभर उभे राहावे लागते. घडीचे स्टूल बरोबर न्या.

मुक्ता, पुणे (सप्टेंबर)

जाऊन आलो. सहाला पाच मिनिटे असताना प्रवेशद्वारापाशी होतो. आत धुके होते आणि पहिला अर्धा तास रानम्हशींच्या काळ्या पाठींखेरीज काही दिसले नाही. साडेसातच्या सुमारास एका छोट्या बंधाऱ्यावर तीन जिराफ आले. चालकदादांनी न सांगता इंजिन बंद केले. मोठी मादी पाण्याशी येऊन कितीतरी वेळ नुसती उभी राहिली, चारही दिशांना पाहिले, मग पुढचे दोन पाय थोडे थोडे फाकवत गेली. एकदा अर्ध्यावरून सावरून पुन्हा सरळ झाली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अखेर मान खाली गेली तेव्हा मानेवरचे दोन तपकिरी पक्षी तिच्या खांद्यावर सरकून बसले. आई म्हणाली, अंगावरच्या ठिपक्यांच्या कडा द्राक्षाच्या पानासारख्या आहेत, फळ्यावर मी त्या उगाच गुळगुळीत काढत आले. त्या अवधीत दोन व्हॅन आल्या आणि मिनिटभर थांबून गेल्या. आम्ही तिथे पन्नास मिनिटे होतो.

सिंह दिसले नाहीत. एक काळा गेंडा दुर्बिणीतून दिसला, ओठाच्या टोकाने काटेरी डहाळी ओढून खात होता. मधल्या रांगेत बसवल्यामुळे आईला धक्के फारसे जाणवले नाहीत. बाभळीची शीळ मात्र ऐकू आली नाही, त्या दिवशी वारा अगदी पडला होता. अनाथालयात स्टूल कामी आले; नोंदणी आम्ही तीन आठवडे आधी केली होती.