८×१० इंची तंजावर विठ्ठल: मुकुटाच्या उठावकामाला भेगा

नौपाडा_कुंचला:
ऐरोलीतल्या एका संग्राहकासाठी तंजावर शैलीतला (प्लायवर खडूचा उठाव, खडे आणि सोन्याचा पत्रा असलेलं चित्र) छोटा विठ्ठल करायचा आहे. नमुन्यात मुकुटाच्या उठावाला केसाएवढ्या भेगा पडल्या, प्लायही वाकला. जुलैची हवा नडते की मिश्रण चुकतंय?

खडू_डिंक:
दोन्ही. कापड आणि खडूचा लेप फक्त पुढून दिला असेल तर प्लाय वाकणारच. लेप वाळताना आक्रसतो आणि मागून त्याला धरणारं काही नसतं. १२ मिमी मरीन (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या, मागेही तसाच लेप द्या. कापड मांजरपाट, खळ जाईपर्यंत धुतलेलं.

उठावाला खडूपूड, डिंक, किंचित फेविकॉल. डिंक जास्त झाला तर भेगा, कमी पडला तर भुगा. आधी एक ठिपका वाळवून नखाने खरवडून पाहा. एका वेळी १ मिमीच्या वर चढवू नका आणि पंखा लावू नका. वरचं कातडं वाळतं, आतली ओल मागाहून आक्रसते, तिथेच भेग.

तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात ही कला बहरली, पण तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतरचा. तिथल्या व्हिडिओतलं वाळवणीचं गणित जुलैत ठाण्याला लावू नका.

सोनपत्रा:
भेगेवर सोनं चढवून ती झाकत नाही, उलट उठून दिसते. क्रम असा: खडे, उठाव, मग २२ कॅरेट सोन्याचा पातळ पत्रा, रंग शेवटी. आधी रंगवलंत तर डिंकाचे डाग रंगावर. डिंक ओला असताना पत्रा सरकतो. बोटाला चिकटेल इतका आटला की ठेवा, कापसाने दाबा. पितळी वर्ख खाडीच्या हवेत काळवंडतो, तेव्हा पावतीवर कॅरेट लिहाच.

फ्रेम_वाशी:
काच खड्यांना टेकता कामा नये, मध्ये १० मिमीची पट्टी हवी. संग्राहकाला सांगा, बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाचा मारा खाणारी भिंत नको. मागून बुरशी धरते.

नौपाडा_कुंचला:
मागे लेप दिलाच नव्हता! मुकुट ३ मिमी उंच आहे, किती दिवस धरू?

खडू_डिंक:
तीन थर, प्रत्येकी दोन दिवस, सतत पाऊस असेल तर तीन. गालाला लावून पाहा, गार लागलं तर आत ओल आहे. थांबा.