पालक कर्जाची मर्यादा आणि एच-वन-बी
अमेरिकेत पॅरेंट प्लस कर्जावर (मुलाच्या कॉलेजसाठी पालकाने स्वतःच्या नावावर घ्यायचं सरकारी कर्ज) मर्यादा आल्याने एच-वन-बीवरच्या (तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरच्या) आईवडिलांची पंचाईत होणार, असं म्हटलं जातं. नाही पटलं. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना दर मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलरची मर्यादा आहे हे बरोबर, पण एच-वन-बीवाल्यांना हे कर्ज कधी मिळतच नव्हतं. त्यासाठी पालक स्वतः नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक लागतो. ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहिलेलं चालत नाही. मूल इथे जन्मलेलं, नागरिक, म्हणून त्याला मात्र फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरून स्वतःच्या नावावर फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज आणि उत्पन्नात बसत असेल तर पेल ग्रँटही (परत न फेडायची सरकारी मदत) मिळते. (आयटीवाल्यांच्या पगारात पेल म्हणजे दिवास्वप्नच.)

यात एक गोष्ट राहून जाते. पालकावर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी 5,500 डॉलरच मिळतात. पण पालक पॅरेंट प्लस कर्जासाठी अपात्र असेल तर कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस आपल्या अखत्यारीत विद्यार्थ्याला दरवर्षी जादा अनसबसिडाइज्ड कर्ज (शिकत असतानाही व्याज चढणारं) देऊ शकतं: पहिली दोन वर्षं 4,000, पुढे 5,000 डॉलर. पालकाकडे नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसणं हे त्यासाठी ग्राह्य कारण आहे. हे आपोआप होत नाही, स्वतः जाऊन विचारावं लागतं आणि निर्णय त्यांचा असतो. आमच्या भाच्याने विचारलं तेव्हा काउंटरवरच्या बाईंनाच आधी आत जाऊन खात्री करावी लागली. खाजगी कर्जाला सहकर्जदार शोधत फिरण्याआधी एक ईमेल टाकून बघा.