टेम्पोत सापडलेल्या गांजाबद्दल भावाला दहा वर्षांची शिक्षा झाली आहे. अपिलात कोणते मुद्दे टिकतात?

प्रश्न

माझा धाकटा भाऊ दुसऱ्याच्या मालकीचा मालवाहू टेम्पो पगारावर चालवत असे. तीन वर्षांपूर्वी पहाटे चारच्या सुमारास पोलिसांनी महामार्गावर तो टेम्पो अडवला आणि भाजीच्या क्रेटखाली ठेवलेल्या दोन गोण्यांतून २१ किलो ४०० ग्रॅम गांजा जप्त केल्याचे पंचनाम्यात नोंदवले. तेव्हापासून तो कारागृहातच आहे. विशेष न्यायालयाने त्याला एनडीपीएस कायद्याच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) कलम २० खाली दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड अशी शिक्षा सुनावली, त्याला आज सत्तेचाळीस दिवस झाले. माल भरणाऱ्या माणसाचा शोध लागला नाही आणि दोन्ही पंच फितूर झाले, तरीही न्यायालयाने पोलिसांच्या साक्षी ग्राह्य धरल्या.

एका परिचितांनी सांगितले की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क भावाला समजावून दिला नव्हता, एवढ्या एकाच मुद्द्यावर तो सुटेल. हे खरे आहे का? अपील किती दिवसांत करावे लागते आणि तोपर्यंत जामीन मिळू शकतो का? पहिल्या वकिलांची फी भागवताना आमच्या आईचे दागिने गेले, त्यामुळे आता नवा खर्च झेपणारा नाही.

पहिले उत्तर (फौजदारी वकिली करणारा सदस्य)

ताई, आधी मुदतीचे पाहू. विशेष न्यायालयाच्या शिक्षेविरुद्धचे अपील कलम ३६ ब नुसार उच्च न्यायालयात जाते आणि मुदत कायद्याप्रमाणे त्यासाठी साठ दिवस मिळतात. निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात आणि उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्जही करता येतो, पण तो आधार गृहीत धरून थांबू नका.

तुमच्या परिचितांनी सांगितलेला मुद्दा या प्रकरणात दुबळा आहे. तो हक्क देणारे कलम ५० हे व्यक्तीच्या अंगझडतीपुरते आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात आणि पुन्हा २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांनी त्या हक्काचे महत्त्व ठामपणे सांगितले हे खरे, परंतु पिशवी, गोणी किंवा वाहन यांच्या झडतीला ते कलम लागू होत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा स्पष्ट केले आहे. तुमच्या भावाच्या अंगावर काही सापडलेले नाही. अपिलात हाच मुद्दा पुढे केला, तर न्यायमूर्तींचे लक्ष कच्च्या जागी खिळून राहील आणि पक्के मुद्दे मागे पडतील.

माझ्या मते पहिला पक्का मुद्दा जाणीवपूर्वक ताब्याचा आहे. आरोपीला आपल्या ताब्यातील वस्तूची जाणीव होती, असे गृहीत धरण्याची मुभा कलम ३५ आणि ५४ न्यायालयाला देतात, आणि ते गृहीतक खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो. परंतु वस्तू खरोखर त्याच्या ताब्यात होती हा पाया सरकार पक्षाने आधी निःसंशय सिद्ध करावा लागतो. चालकाच्या नियंत्रणात वाहन असते, म्हणून न्यायालये सहसा ताबा मान्य करतात. मात्र माल कोणी भरला, कोठे भरला, क्रेट रचताना चालक हजर होता का, बिल्टी कोणाच्या नावावर होती, हे प्रश्न उलटतपासणीत आले होते का, ते बारकाईने वाचावे लागेल. आरोपीचा जबाब नोंदवताना त्याने नुसते ‘मला माहीत नाही’ म्हटले की सविस्तर खुलासा केला, यावरही पुष्कळ अवलंबून असते. बिल्टी किंवा भाडेपावती घरी असेल आणि खटल्यात दाखल झाली नसेल, तर अपिलात अतिरिक्त पुरावा घेण्याची विनंती करता येते. ती क्वचितच मान्य होते, पण कागद अस्सल आणि निर्णायक असेल तर ती करायलाच हवी.

दुसरा मुद्दा कलम ४२ चा. पोलीस गुप्त बातमीवरून गेले असतील, तर ती बातमी लेखी नोंदवून तिची प्रत वरिष्ठांकडे बहात्तर तासांत पाठवणे आवश्यक आहे, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वॉरंटशिवाय वाहनाची झडती घेताना तशी कारणे लिहून ठेवावी लागतात. सार्वजनिक ठिकाणच्या झडतीसाठी कलम ४३ वेगळे आहे आणि सरकार पक्ष त्याचाच आधार घेईल. मात्र खासगी वाहन सार्वजनिक रस्त्यावर उभे असले म्हणून ते सार्वजनिक वाहन ठरत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कलम ४२ चे पालन मुळीच न झालेल्या प्रकरणात आरोपींना निर्दोष सोडले होते. स्टेशन डायरीतील नोंद आणि वरिष्ठांना पाठवलेल्या पत्राची पोच तुमच्या कागदांत आहे का, ते पाहा.

दुसरे उत्तर

माझ्या मामेभावाचे अपील विधी सेवा समितीने नेमलेल्या वकिलांनी चालवले, म्हणून लिहितो. कोठडीत किंवा कारागृहात असलेल्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तुमच्या भावाने कारागृह अधीक्षकांकडे अर्ज दिला, तर अपील तेथूनही पाठवता येते. आम्ही फुकटचा वकील लक्ष घालणार नाही या समजुतीने चार महिने वाया घालवले, आणि प्रत्यक्षात त्या वकीलबाईंनी साक्षीचे प्रत्येक पान वाचून काढले होते. तुम्ही ती चूक करू नका.

शिवाय नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न घेता जागेवरच घेतले असतील, तर कलम ५२ अ चा भंग होतो आणि तेवढ्यावर सुटका होते.

पहिल्या सदस्याचे उत्तर

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि कोणी त्यावर विसंबून राहू नये म्हणून स्पष्ट लिहितो. नमुने दंडाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत घेण्याची गरज सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मोहनलाल प्रकरणात अधोरेखित केली आणि २०२३ मध्ये त्या आधारावर काही आरोपी सुटलेही. परंतु जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की केवळ ५२ अ चे पालन झाले नाही एवढ्याने खटला कोसळत नाही. त्या त्रुटीमुळे जप्तीबद्दल किंवा नमुन्याबद्दल खरी शंका उत्पन्न होते का, हे एकूण पुराव्यावरून पाहायचे. म्हणून सील कोणाचे होते, मुद्देमाल रजिस्टरमधील नोंद कोणत्या तारखेची आहे, नमुना किती दिवसांनी प्रयोगशाळेत पोहोचला, आणि तेथे पोहोचलेल्या पाकिटाचे वजन पंचनाम्यातील वजनाशी जुळते का, ही साखळी जोडून दाखवावी लागेल. पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीवर न्यायालय विसंबले असेल, तर तोही आक्षेप घ्या. तोफान सिंग प्रकरणातील २०२० च्या निकालानंतर इतर तपास यंत्रणांनी कलम ६७ खाली घेतलेली कबुलीसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही.

ताई, २१ किलो ४०० ग्रॅम हे वजन गोण्यांसह आहे की निव्वळ मालाचे आहे?

प्रश्नकर्ती

पंचनामा आज पुन्हा वाचला. त्यात ‘दोन तागाच्या गोण्यांसह एकूण वजन’ असे शब्द आहेत आणि रिकाम्या गोण्यांचे वजन कोठेही नोंदवलेले नाही. मालाचे वर्णन ‘हिरवट ओलसर पाला, काड्या, बिया व बोंडे’ असे आहे.

पहिल्या सदस्याचे उत्तर

मग अपिलातील सर्वांत मोलाची ओळ हीच आहे. गांजाचे व्यापारी प्रमाण, म्हणजे कायद्यातील सर्वांत कडक शिक्षेची श्रेणी, वीस किलोपेक्षा जास्त असे आहे आणि त्यावरच दहा वर्षांची किमान शिक्षा उभी आहे. निव्वळ वजन वीस किलो किंवा त्याहून कमी असण्याची वाजवी शक्यता दाखवता आली, तर गुन्हा मधल्या (अल्प आणि व्यापारी यांच्या दरम्यानच्या) प्रमाणाचा ठरतो, त्यात दहा वर्षे ही कमाल मर्यादा असते आणि किमान मर्यादा नसते. तसे झाल्यास भोगलेली तीन वर्षे शिक्षा कमी करण्याच्या मागणीत फार महत्त्वाची ठरतील. त्याशिवाय कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तेव्हा ती त्यातून वगळलेली आहेत. मिश्रणाचे संपूर्ण वजन धरावे असा २०२० चा तीन न्यायमूर्तींचा निकाल सरकार पक्ष दाखवेल, परंतु तो अमली पदार्थात मिसळलेल्या तटस्थ (स्वतः अमली नसलेल्या) द्रव्याबद्दल आहे, गोणीच्या तागाबद्दल नाही. पाला-काड्यांबाबत मात्र वर्णनातील ‘बोंडे’ हा शब्द तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो, म्हणून आधी गोण्यांचे वजन आणि मग व्याख्या, या क्रमाने मांडणी करायला सांगा.

जामिनाबद्दल राहिले होते. कलम ३२ अ शिक्षेला स्थगिती नाकारते असे वाटते, पण दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००० च्या निकालाने अपील न्यायालयाचा तो अधिकार कायम ठेवला. मात्र व्यापारी प्रमाण असेपर्यंत कलम ३७ ची अट लागू राहते, म्हणजे आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारणे असल्याबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते, आणि वजनाचा मुद्दा त्या अर्जातही पहिल्याच परिच्छेदात यायला हवा. प्रमाणित प्रतीवर नकलेसाठी अर्ज केल्याची आणि नक्कल मिळाल्याची तारीख असलेला शिक्का असतो. त्या दोन्ही तारखा आणि पंचनाम्याचे ते पान उद्याच विधी सेवा समितीच्या कार्यालयात घेऊन जा.