शब्दचर्चा : तेलाच्या स्वामित्वधनाची कागदपत्रे आणि ‘डिव्हिजन ऑर्डर’

प्रश्न : टेक्सासमध्ये वारलेल्या माझ्या चुलत्यांचा तेथील भूगर्भातील तेल-वायूमध्ये हिस्सा होता. आता कंपनीची पत्रे काकूंच्या नावे येतात आणि ती मी त्यांना मराठीतून समजावून देतो. रॉयल्टीसाठी ‘स्वामित्वधन’ हा आपला शासकीय शब्द येथे चालेल का? शिवाय ‘डिव्हिजन ऑर्डर’ला मी ‘विभाजन आदेश’ म्हटल्यावर, कोर्टाने वाटणीचा हुकूम काढला की काय, अशी काकूंची समजूत झाली.

उत्तर : ‘स्वामित्वधन’ चालेल, किंबहुना येथे तो शब्द अधिक अन्वर्थक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार, सनदेत वेगळे काही नमूद नसेल तर खनिजांची मालकी शासनाची असते, त्यामुळे मुरूम किंवा वाळू उचलणाऱ्याच्या लेखी स्वामित्वधन म्हणजे शासनाकडे भरायची रक्कम. टेक्सासमध्ये मात्र खनिजे खासगी मालकीची असू शकतात, आणि वरची जमीन एकाची व खालचे तेल दुसऱ्याचे, असेही सर्रास असते. थोडक्यात, तेथे काकू शासनाच्या जागी आहेत आणि कंपनी भरणा करणारी. पट्ट्यातील, म्हणजे तेल-वायू काढू देण्यासाठी मालकाने कंपनीशी केलेल्या करारातील, ‘बोनस’ मात्र दिवाळीचा नव्हे. ती पट्टा करताना मिळणारी एकरकमी रक्कम होय.

दुसरे उत्तर : ‘आदेश’ हा शब्द टाळावाच. हे पत्र कंपनी पाठवत असली, तरी त्यावर सही करून मालकच कंपनीला ‘माझा हिस्सा इतका, त्याप्रमाणे मला पैसे द्यावेत’ असे लिहून देतो; म्हणून मी त्याला ‘हिस्सेवारी पत्र’ म्हणेन. टेक्सासच्या कायद्यानुसार सही केलेले पत्र मिळेपर्यंत कंपनी पैसे थांबवू शकते, परंतु त्यातील मजकूर मूळ पट्ट्याशी विसंगत असेल तर पट्टाच ग्राह्य धरला जातो, आणि 30 दिवसांची लेखी सूचना देऊन ते पत्र रद्दही करता येते.

सहीपूर्वी पडताळायचा तो पत्रात मालकाचा हिस्सा दाखवणारा दशांश अपूर्णांक. समजा, विहिरीचे एकत्रित क्षेत्र 640 एकर आहे, त्यातील 40 एकरांखालची खनिजे काकूंची आहेत आणि पट्ट्यात स्वामित्वधन एक चतुर्थांश ठरले आहे, तर 40 भागिले 640, गुणिले 0.25, म्हणजे 0.01562500 हा आकडा पत्रात दिसला पाहिजे. काकूंना सातबाऱ्यावरची आणेवारी ठाऊक असेल, तर हे समजावणे सोपे जाईल : रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे धरल्यास हा हिस्सा बरोबर रुपयात एक जुना पैसा होतो.

प्रश्नकर्ता : आणेवारी काकूंना तत्काळ उमगली, आभारी आहे. आता धनादेशासोबतच्या तपशिलात ‘सेव्हरन्स टॅक्स’ आणि ‘डिडक्शन’ असे दोन रकाने आहेत. दोन्हींना ‘कपात’च म्हणावे का?

तिसरे उत्तर : म्हणू नये, कारण पहिली वजावट राज्याची आहे आणि दुसरी कंपनीची. पहिलीला ‘उपसा कर’ म्हणता येईल. वाळूच्या उपशामुळे तो शब्द कानाला परका वाटत नाही. टेक्सासमध्ये त्याचा सर्वसाधारण दर तेलावर बाजारमूल्याच्या 4.6 टक्के आणि वायूवर 7.5 टक्के आहे. दुसऱ्या रकान्यात वायू दाबाखाली आणणे, शुद्ध करणे, वाहून नेणे अशा खर्चांतील मालकाचा वाटा धरलेला असतो आणि खरी तक्रार बहुधा तेथेच उद्भवते. हा खर्च लावता येतो की नाही, हे पट्ट्यातील शब्दांवर अवलंबून असते. ‘विहिरीच्या तोंडाशी असलेले बाजारमूल्य’ असे लिहिलेले असेल, तर पुढचा खर्च वजा करूनच ते मूल्य निघते. 1996 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तर पट्ट्यात कपातीला स्पष्ट मनाई असूनही, या शब्दयोजनेमुळे ती मनाई निष्प्रभ ठरवली. माझ्या मते हे मालकावर कठोर आहे, पण पट्टा वाचताना ते ध्यानात ठेवावेच लागते.

आणखी एक शब्द पुढे भेटेल : ‘सस्पेन्स’. त्याचा रहस्यकथेशी संबंध नाही. आपल्या हिशेबनिसांचे ‘उचंत खाते’ ते हेच. मालकी किंवा वारसा निश्चित होईपर्यंत कंपनी रक्कम तेथे ठेवते. चुलत्यांच्या निधनानंतरच्या काही महिन्यांची रक्कम तशी अडकली आहे का, हे काकूंच्या सहीने लेखी विचारावे आणि उत्तर आल्यावर तपशिलातील महिना तपासावा, कारण तेथे लिहिलेला महिना धनादेशाचा नसून विक्रीचा असतो.